ओला चुना, पोत्यातला चुना आणि रावपुऱ्यातल्या आमच्या भिंती

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. जुन्या घराचा चुन्याचा गिलावा स्वतःच्या हाताने दुरुस्त करायचा असेल, तर पाण्याखाली मुरवलेला ओला चुना घ्या. रंगाच्या दुकानात पोत्यात मिळते ती चुन्याची पूड सफेदीपुरती ठीक, गिलाव्याला नको. ऑनलाइन मिळणारा परदेशी ‘हायड्रॉलिक’, म्हणजे पाण्यातही पक्का होणारा, चुना चांगला आहे, पण महाग आहे आणि घरात त्याची गरज एखाद्याच जागी पडते. तिन्ही मी स्वतःच्या पैशाने घेतले आणि आमच्याच घरात वेगवेगळ्या भिंतींना लावले. मी शाळेत गणित शिकवते, गवंडीकाम माझा धंदा नाही. तेव्हा हे कारागिराचं मत समजू नका. मोजमापाची खोड असलेल्या एका घरमालकिणीचं समजा.

घर वडोदऱ्यात, रावपुऱ्याच्या आतल्या गल्लीत. सागवानी खांब आणि तुळया, मधे विटांचं बांधकाम, दर्जांत चुना, वरून चुन्याचाच गिलावा. पोरबंदरचा सिमेंटचा कारखाना सुरू झाला १९१४ मध्ये आणि आमचा वाडा त्याच्याही आधीचा, त्यामुळे बांधणाऱ्यापुढे सिमेंटचा प्रश्नच नव्हता. पुढे सासऱ्यांच्या काळात एका कंत्राटदाराने तळमजल्याच्या भिंतींना कमरेपर्यंत सिमेंटचा पट्टा मारून दिला, ‘आता ओल येणार नाही’ म्हणून. ओल गेली नाही, कमरेच्या वर सरकली. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं. चुन्याच्या गिलाव्याला बारीक छिद्रं असतात, त्यांतून ते वाफ होऊन निघून जातं. सिमेंटचा थर घट्ट. तिथून वाट मिळाली नाही की पाणी आणखी वर चढतं आणि सिमेंट जिथे संपतं तिथून बाहेर पडतं. येताना मातीतले, विटांतले क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मागे राहतात, आणि ते गिलाव्याच्या छिद्रांत वाढत वाढत त्याची भुकटी करतात. हाच लोणा. दर उन्हाळ्यात आमच्या दिवाणखान्यात सिमेंटच्या वरच्या कडेने वीतभर पट्टीतून रेती झडायची, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ती रोज सकाळी सुपलीत भरायच्या.

यावर अलीकडे बोलावलेल्या दुसऱ्या एका कंत्राटदाराचा उपाय असा: उरलेला सगळा चुना काढायचा, छतापर्यंत सिमेंट न्यायचं, त्यात वॉटरप्रूफिंगचं रसायन घालायचं आणि वरून व्हाइट सिमेंटची पुट्टी. त्याने दिलेला आकडा ऐकून पुण्याचे भाऊजी फोनवर क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, “वहिनी, एवढ्यात माझ्या फ्लॅटचं स्वयंपाकघर नवं होईल.” माझी हरकत आकड्यापेक्षा उपायाला होती. पट्टा कमरेपर्यंत होता तेव्हा ओल छातीपर्यंत आली. पट्टा छतापर्यंत नेला की ती तुळयांच्या टोकांत शिरणार, आणि सागवानाची तुळई बदलायला काय पडतं ते ज्यांनी बदलली त्यांना विचारा.

आता दुकान. पाणीगेटच्या बाजूला एका बोळात आहे. पाटी नाही, दारात पांढरी पडलेली फरशी हीच खूण. काका सत्तरीचे, गुजराती. मराठी चांगली समजते पण बोलत नाहीत. कळीचा चुना (भाजलेली चुनखडी), भिजवलेला चुना, विटांची सुरखी, संगमरवराची पूड, गेरू, रामरज (पिवळी माती), नीळ असा माल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पावसाळा संपत आला होता. त्यांनी काही विकलंच नाही. “बेन, दिवाळी पछी आवजो.” गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मला तरी वडोदऱ्यात दुसरा भेटलेला नाही. कारण खरं होतं. चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पक्का होतो. भिंत पाण्याने ठासून भरलेली असेल तर हवा आत जाणार कुठून? आणि मार्चनंतरच्या आपल्या उन्हात तो इतक्या झपाट्याने सुकतो की पक्का व्हायच्या आतच भुसभुशीत होतो. सुकणं आणि पक्कं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे वडोदऱ्यात या कामाला दिवाळी ते होळी एवढाच हंगाम.

दिवाळीनंतर गेले तर पहिला प्रश्न, “रेती केवी छे, ए पहेलां बतावो.” मी पिशवीत मूठभर नेली होती. त्यांनी ती तळहातावर चोळली, फुंकली, आणि तळव्यावर राहिलेला मातकट डाग मला दाखवला. ही नको. बोडेलीकडची, ओरसंग नदीची जाडसर रेती आणा, चाळून आणि धुऊन. माझा त्या दुकानाला पहिला पूर्ण गुण यासाठी. रेती ते विकत नाहीत, त्यात त्यांचा एक पैसाही नव्हता.

चुना त्यांच्याकडे मोठ्या पिंपांत असतो, वर चार बोटं पाणी. पाण्याखाली हवा लागत नाही, म्हणून तो वर्षभरही खराब होत नाही, उलट मुरतो. कण बारीक होत जातात आणि लोण्याचा हात येतो. लाकडी फावड्याने काढून वजनावर देतात, मला किलोला अठरा रुपये पडला. चांगल्या चुन्याची परीक्षा: थापीवर घेतला तर चक्क्यासारखा ढीग उभा राहायला हवा, वाहता कामा नये, आणि बोटांत चोळला तर खर लागता कामा नये. खर म्हणजे न विरलेली कळी. ती गिलाव्यात राहिली तर महिन्याभराने भिंतीतच विरते, फुगते आणि वरचा थर फोडून बाहेर येते. काकांच्या मालात अशी खर थोडी निघाली. सगळा चुना जुन्या बारीक चाळणीतून घासून काढावा लागला आणि हातांची वाट लागली, म्हणून इथे अर्धा गुण कापते. आणखी एक, दुकानात जाऊन नुसती ‘पुट्टी’ मागू नका. कुठलाही दुकानदार व्हाइट सिमेंटची पिशवी हातात ठेवेल. भिजवलेला चुना म्हणा.

कळीचा चुना घरी आणून स्वतः विरवायच्या भानगडीत मी पडले नाही आणि तुम्हीही पडू नये असं माझं मत. चुनखडी साधारण नऊशे अंशांवर भाजली की कळी होते, आणि तिच्यात पाणी पडलं की ती अक्षरशः उकळते, उडते. भिजवलेला चुनाही साधासुधा नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्या. डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटं नळाखाली डोळा धरायचा आणि तसंच डॉक्टरांकडे जायचं. आमच्या पुतण्याला मी चष्म्याशिवाय पिंपाजवळ फिरकू दिलं नाही, तो कितीही हसला तरी.

पोत्यातल्या पुडीबद्दल थोडक्यात. पंचवीस किलोचं पोतं साडेतीनशेला, घराजवळच्या रंगाच्या दुकानात. स्वस्त दिसतं. मी आणलेल्या पोत्यातली चमचाभर पूड वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाकलं, तर ती जोरात फसफसली. ताजा विरवलेला चुना असा फसफसत नाही. फसफसतो तो ज्याने आधीच हवा खाल्ली आहे, म्हणजे जो पुन्हा खडू झाला आहे. खडूने गिलावा भिंतीला चिकटत नाही. पोतं किती दिवस उघड्यावर होतं हे दुकानदारालाच ठाऊक नव्हतं आणि तारखेची जागा छापून कोरी सोडलेली होती. तारीख ताजी असलेलं बंद पोतं मिळालं तर ती पूड दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून वापरता येते, पण ओल्या चुन्याचा हात तिला येत नाही. सरकारी मानकात, आयएस ७१२ मध्ये, बांधकामाच्या चुन्याचे ए पासून एफ पर्यंत वर्ग आहेत. त्यातला सी म्हणजे साधा, गिलाव्याच्या वरच्या हाताला आणि सफेदीला चालणारा चुना. पोत्यावर वर्गच छापलेला नसेल तर ते तिथेच ठेवा.

पण चुना आणायच्या आधीचं काम मोठं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पाणी कुठून येतं ते शोधणं. आमच्याकडे दोन वाटा होत्या. गच्चीच्या पन्हळीचा पाइप जमिनीपासून हातभर वर तुटला होता आणि पावसाळाभर सगळं पाणी भिंतीच्या पायाशी ओतत होता. दुसरी वाट अख्ख्या जुन्या शहराची आहे: रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि घरं खाली गेली. आमच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या असं आई सांगतात, आज एक उरली आहे. रस्ता मी खाली आणू शकत नाही. पाइप गटारापर्यंत नेला, ओटा आणि रस्ता यांच्या सांध्यात साचलेली माती उकरून तिथे खडी भरली, बस्स. जुलै २०१९ मध्ये एका दिवसात पडलेला पाऊस आणि ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर पाहिलेल्या गावात ओल कायमची घालवून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही. तिला बाहेर पडायला वाट द्यायची, एवढंच हातात आहे.

मग भिंत ठोकायची. बोटाच्या पेराने ठोकत जायचं; भरीव आवाज आला तर हात लावायचा नाही, बदबद वाजलं तर खडूने रेघ मारायची. मी खडूच्या रेघांचं क्षेत्रफळ काढलं तेव्हा कळलं की ‘सगळा गिलावा गेलाय’ हे कंत्राटदाराचं वाक्य एक तृतीयांशाइतकंच खरं होतं. शंभराहून अधिक वर्षं टिकलेला भरीव गिलावा काढून नवा लावणं म्हणजे पैसे देऊन नुकसान विकत घेणं. पोकळ तेवढाच काढायचा, कडा आतल्या बाजूला थोड्या तिरप्या कापायच्या म्हणजे नवा माल, चुना-रेतीचं मिश्रण, त्यात अडकून बसतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा आणि घराबाहेर टाकायचा. पाण्याने धुवायचा मोह होतो, पण धुतलं की क्षार विरघळून परत भिंतीतच जातात. सिमेंटचा पट्टा लहान छिन्नीने काढला. मात्र जिथे सिमेंटबरोबर विटेचं तोंडच निघायला लागलं तिथे तो तसाच ठेवला आणि पुढे सोफा सरकवला. विटेपेक्षा मला तत्त्व मोठं नाही.

चुना-रेतीचं प्रमाण सगळे एकास तीन सांगतात. का, ते कुणी सांगत नाही. मोजून बघा. कोरड्या रेतीने काठोकाठ भरलेल्या पेल्यात पाणी ओतत जा. रेती न फुगता जेवढं पाणी मावतं तेवढी तिच्यात पोकळी. माझ्या रेतीत ते पेल्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळ आलं. चुन्याचं काम ती पोकळी भरण्याचं. कमी पडला तर माल भुसभुशीत होतो, जास्त झाला तर सुकताना आकसून तडे जातात. यातून हिशेबही सुटतो. पोकळीतच चुना मावत असल्यामुळे मालाचं आकारमान रेतीएवढंच राहतं. एक चौरस मीटर भिंत, दोन सेंटीमीटर जाडी, म्हणजे वीस लिटर माल: वीस लिटर रेती आणि साडेसहा-सात लिटर चुना. वजनात तो नऊ-साडेनऊ किलो भरतो. सांडलवंड धरून अकरा किलो घ्या. म्हणजे चौरस मीटरला दोनशे रुपयांच्या आत चुना. हा आकडा मी भाऊजींना पाठवला तेव्हा त्यांनी परत विचारलं, “शून्य राहिलंय का एखादं?”

मालात वरून पाणी घालायचं नाही. ओल्या चुन्यात असतं तेवढं पुरतं. सुरुवातीला रेती आणि चुना एकत्र येतच नाहीत असं वाटतं आणि पाण्याचा तांब्या हाताशी असतो. घालू नका. मळा, ठोका, फावड्याच्या पाठीने रेटा, मग तो आपोआप सैल होतो. पूर्वी या कामाला चुन्याची घाणी असायची, बैल दगडी चाक फिरवायचे. आमच्याकडे पुतण्या होता. साधा चुना-रेतीचा माल उरला तर ओल्या पोत्याखाली झाकून आठवडे टिकतो, हा नोकरी करणाऱ्या माणसाला फार मोठा फायदा आहे. शाळेतून आल्यावर तासभर काम, उरलेलं झाकून ठेवायचं. सिमेंटवाल्याला ही चैन नाही.

खालच्या ओलसर भागासाठी काकांनी सुरखी घालायला सांगितली, म्हणजे कमी भाजलेल्या विटांची भुकटी. तिच्यातली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याशी जुळते आणि हवेची वाट न पाहता माल धरतो. सुरखी घातलेला माल मात्र झाकून ठेवता येत नाही, त्याच दिवशी संपवायचा. त्यांची सुरखी गुलाबी आणि पिठासारखी बारीक होती, पूर्ण गुण. हरडा आणि गुळाचं पाणी घालायचा सल्लाही मिळाला. जुने कारागीर घालत असत आणि त्याला अर्थ असणार. मी एका तुकड्यात घालून पाहिलं, माझ्या डोळ्यांना फरक दिसला नाही, मुंग्यांना मात्र बादली सापडली. ताग कापून घालणं जास्त कामाचं. सुतळीचे दोन-अडीच सेंटीमीटरचे तुकडे करून पिंजून पहिल्या हातात मिसळले की तडे कमी पडतात.

लावण्याआधी भिंत पाण्याने चांगली भिजवायची, अगदी आदल्या संध्याकाळपासून. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि गिलावा तिथेच मरतो. खोल खड्डे आधी भरायचे, मग सेंटीमीटरपेक्षा पातळ थर. थापीने हळूच फासण्यापेक्षा माल फेकून मारला तर जास्त चिकटतो. सुरुवातीला जमिनीवर जास्त पडतो, म्हणून खाली प्लास्टिक अंथरा आणि पडलेला उचलून पुन्हा मारा. थर थोडा घट्ट झाला की लाकडी रंध्याने गोल गोल घासायचा, केसाएवढे तडे दिसले तर पुन्हा घासायचा. अंगठा दाबला तर दबू नये पण नखाने ओरखडा उठावा, तेव्हा पुढच्या हातासाठी त्यावर रेघा ओढायच्या. आमच्या डिसेंबरच्या हवेत दोन हातांत आठवड्याच्या आसपास अंतर पडलं. दुपारचं ऊन पडणाऱ्या भिंतीवर ओली गोणपाटं टांगली आणि कुंड्यांना फवारतो त्या पंपाने सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. वरचा शेवटचा हात दोन-तीन मिलिमीटरचा, चुना आणि संगमरवराची पूड समसमान. इथे लोखंडी गुरमाळा (सपाट, गुळगुळीत थापी) वापरायचा, पण फार घोटायचं नाही. पृष्ठभाग काचेसारखा झाला तर खालच्या थरांना हवा मिळायला वेळ लागतो.

किती वेळ, हे बघायला शाळेच्या प्रयोगशाळेचा उपयोग झाला. रसायनशास्त्राच्या बाईंनी फिनॉल्फ्थॅलिनची छोटी बाटली दिली. पक्का न झालेला चुना अल्कली असतो, त्यावर थेंब पडला की गुलाबी होतो. खडू झालेला भाग रंग घेत नाही. कपाटामागच्या नमुन्याच्या तुकड्याचा टवका महिन्याभराने काढला: बाहेरची अरुंद किनार पांढरी, आतला सगळा भाग राणी रंगाचा. महिन्याला एखादा मिलिमीटर, असा ढोबळ हिशेब धरतात तो खोटा नाही. म्हणजे दोन सेंटीमीटरची भिंत पूर्ण पक्की व्हायला दीड-दोन वर्षं. तोवर ती पडते असं नाही, पण खिळा ठोकू नका आणि कपाट तिला रेलून ठेवू नका. ज्यांना गणपतीपर्यंत खोली तयार हवी आहे त्यांनी हा नाद करू नये.

परदेशी चुन्याचा उपयोग मला तिथे झाला जिथे हे थांबणं परवडणारं नव्हतं, पन्हळीखालच्या बाहेरच्या भिंतीला. त्या गोणीवर ३.५ असं लिहिलेलं असतं. हा युरोपीय मानकातला ताकदीचा वर्ग, अठ्ठावीस दिवसांनंतरच्या किमान दाबक्षमतेचा, मेगापास्कलमध्ये. २ आणि ५ हेही मिळतात. जुन्या मऊ विटांवर ५ नको. पाण्यातही धरतो, काही दिवसांत हाताला कडक लागतो, काम करायला सोपा, पूड असल्यामुळे साठवायलाही सोपी. गिलावा आजही उत्तम आहे, पहिला पावसाळा त्याने एक कणही न झडता काढला. पण चुन्याचाच खर्च मला काकांच्या चुन्याच्या सहापट पडला. शिवाय ज्या विक्रेत्याकडून मागवला त्याने गोणी एका कोपऱ्याला फाटलेली पाठवली, चिकटपट्टी मारून. तक्रारीवर उत्तर आलं की ‘उत्पादन वापरण्यायोग्य आहे’. फाटलेल्या कोपऱ्यातला चुना गोळे झालेला होता, तो मी कुंडीत टाकला. मालाला चार तारे, विक्रेत्याला एक, तोही गोणी दारापर्यंत उचलून आणणाऱ्या पोऱ्यासाठी.

रंग हा पुढचा मुद्दा आणि तिथे बऱ्याच जणांचं सगळं केलेलं फुकट जातं. वर प्लास्टिक इमल्शन मारलं की पुन्हा छिद्रं बंद. चुन्याचीच सफेदी करा, दुधाइतकी पातळ, चार-पाच हात, प्रत्येक हाताआधी भिंत ओलावून. पहिल्या हाताला काहीच दिसत नाही आणि घरचे टोमणे मारतात, सुकल्यावर पांढरी होते. रंग हवा असेल तर गेरू, रामरज, नीळ चालते. चुन्यात टिकणारे हे रंग आहेत, रंगाच्या दुकानातल्या ट्यूबा बहुतेक टिकत नाहीत. आईंच्या खोलीला त्यांनी रामरज निवडली. काकांनी दिलेल्या पुडीत खडे होते, फडक्यातून गाळून घ्यावी लागली. आईंचा शेरा असा: “लहानपणी दांडिया बाजारात आमच्याकडे असाच रंग होता. हात लावला की पदराला लागायचा.” अजूनही लागतो, थोडासा. पाठ टेकून बसायच्या जागेवर सतरंजी टांगली आहे.

काय टिकलं नाही तेही सांगायला हवं. मोरीला लागून असलेल्या भिंतीचा तळचा पट्टा पुन्हा झडू लागला आहे, सुरखी घालूनही. तिथे क्षार अजून भिंतीत आहेत आणि ते बाहेर येत राहणार. नवा गिलावा ते स्वतःत घेतो आणि स्वतः मरतो, मागची वीट वाचते. चार-पाच वर्षांनी तेवढा पट्टा काढून पुन्हा लावायचा, असं मी धरून चालले आहे. ज्यांना एकदा करून विसरून जायचं आहे त्यांना हे आवडणार नाही, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

आणि सगळं स्वतः करू नका. भिंत फुगून पोट आलं असेल, खांबाचा तळ टोचल्यावर मऊ लागत असेल, छताचा गिलावा लोंबत असेल, तर आधी जाणकार अभियंता. जुनी चित्रं किंवा नक्षी असलेल्या भिंतीला तर ब्रशही लावू नका. आमच्या रावपुऱ्यातच तांबेकर वाड्यात एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत. सफेदीच्या थरांखाली आपल्या घरीही एखादा वेलबुट्टीचा पट्टा निघू शकतो. शेजाऱ्यांच्या माजघरात तसा निघाला, त्यांनी काम थांबवलं, हे फार बरं केलं.

दुकानाविषयी शेवटचं. एकूण पाचपैकी साडेचार. बोळात रिक्षा जात नाही, पिंप बोळाच्या तोंडापर्यंत उचलून आणावं लागतं, पोऱ्या असला तर मदत करतो, नसला तर काका नुसती सूचना करतात. दुपारी एक ते चार बंद. एकदम जास्त चुना हवा असेल तर आठवडाभर आधी सांगा, नाहीतर कमी मुरलेल्या पिंपातला मिळेल आणि ते तो देतानाच सांगतात, लपवत नाहीत. झाकणाची बादली घरून न्या. त्यांच्याकडची घेतली तर शंभर रुपये अनामत, आणि चिठ्ठी जपून ठेवा. चिठ्ठीशिवाय ते अनामत परत करत नाहीत, ओळख कितीही जुनी झाली तरी.